गैरहजर तिघी

९ सप्टेंबर

ती. आत्यास बारकीचा शि. सा. नमस्कार.

पाच महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. मधल्या काळात फोनवर मी बरी, तू बरी एवढंच झालं, आणि त्याला बोलणं म्हणत नाहीत हे तुझंच मत. सबब खरी आहे, पुरेशी आहे की नाही ते तू ठरव. गुडघ्यांच्या अभ्यासाची शेवटची मोजणी संपली आणि सहाही केंद्रांचे आकडे माझ्या टेबलावर आले.

तू स्वतः त्यात आहेस, तरी तुला पूर्ण चित्र कधी सांगितलं नव्हतं. गुडघे झिजलेली एकशे तीस माणसं. तीन केंद्रांत सोळा आठवडे व्यायाम, तीन केंद्रांत फक्त माहितीपत्रक. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजायचं ते एवढंच: हात न टेकता अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं, सहा मिनिटांत किती चालता येतं आणि दहा सेंटिमीटरच्या रेघेवर दुखणं कुठे आहे. तुझं नाव तुमच्या केंद्राच्या यादीत आहे हे कळल्यावर मी आमच्या विभागप्रमुख सरांना लेखी कळवलं होतं आणि तुमच्या मोजणीला पाऊलही ठेवलं नाही. मला नावं दिसत नाहीत, क्रमांक दिसतात. तरी घरचं माणूस आत आहे ही टोचणी आहेच.

आता गंमत ऐक. व्यायामाच्या बाकी दोन केंद्रांत दुखणं साडेसहावरून पाचावर आलं. बरं आहे, पण नाचावं असं नाही. तुमच्या केंद्रात ते दोनावर आलं. सरांनी चष्मा काढून कागद डोळ्यांशी नेला. ते म्हणाले, या बायका काय करतात ते शोधा आणि अहवालात घाला. अहवाल तीस तारखेला जायचा आहे. तो मान्य झाला की चाळीस दवाखाने हाच व्यायामक्रम सुरू करणार.

तर मोठ्या बाई, तुम्ही तिथे वेगळं काय करता? सविस्तर लिही. मला त्यावर एक परिच्छेद लिहायचा आहे.

लोभ आटला नसेल अशी आशा. आटला असेल तर लांब पत्रांनी भरून काढीन.

तुझी,
बारकी

१३ सप्टेंबर

चि. बारकीस अनेक आशीर्वाद आणि एक कानपिचकी.

पाच महिन्यांनी आठवण झाली तीही काम निघालं म्हणून. असू दे. चव्वेचाळिशीची झालीस तरी तुझं अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखं आहे. टेबलाशी बसून लिहीत जा, मांडीवर नको.

दोनावर आलं हे वाचून मी ते पत्र वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचलं. एक बाई रडल्या. आता विचारलंसच तर सांगते, कारण श्रेय फुकट घालवायची मला सवय नाही.

उद्घाटनाला आली होतीस तेव्हा भाषणात तू हसत म्हणालीस की इथे माझी आत्या राहते, तेव्हा या केंद्राने माझं नाक कापू नये. बाकीच्या हसल्या. मी मनात नोंद केली. छत्तीस वर्षं शाळा चालवली, बारके. वर्ग कसा उभा करायचा ते मला कुणी शिकवायला नको. रोज सकाळी दहाला हजेरी. उशीर झाला तर कारण सांगायचं. व्यायाम एकीने मोजायचा, बाकीच्यांनी करायचा. तुमच्या कागदावर आठवड्यातून तीनदा लिहिलं होतं, आम्ही सहा दिवस केलं.

पहिल्या मोजणीला आम्ही बेसावध गेलो आणि त्या घड्याळवाल्या बाईंसमोर सगळ्यांची फजिती झाली. मी सहादा उठले आणि सातव्यांदा खुर्चीलाच धरून राहिले. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी तपासणीसारखी तयारी करायची. शाळेत इन्स्पेक्शनच्या आधी आपण भिंती रंगवतो, नकाशे टांगतो, तसंच. मधल्या आणि शेवटच्या मोजणीआधी दोन दिवस प्रत्येकीने सकाळ-संध्याकाळ दुखण्याची एकेक गोळी घ्यायची. मी स्वतः वाटल्या. काय ती चपळाई, तू पाहायला हवी होतीस. मोजणीआधी दोन दिवस गोळी घ्यायची नाही अशी तुमची अट होती आणि फॉर्मवर गोळी घेतली का असं विचारलं होतं, तिथे नाही लिहायला सांगितलं. ती अट पोट बिघडू नये म्हणून असणार, आणि दोन दिवसांनी कुणाचं पोट बिघडतंय?

तिघींना मात्र मी मोजणीच्या दिवशी घरी बसवलं. टेलरबाई, त्यांची जाऊ आणि खालच्या वाचनालयात पुस्तकं देतात त्या बाई. त्यांना गोळी घेऊनही धड उठता येईना. इन्स्पेक्शनच्या दिवशी कच्ची मुलं आजारी पडतात, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असतं. टेलरबाईंनी जरा तोंड पाडलं, पण नियम तो नियम.

तर हे आमचं गुपित. परिच्छेदात माझं नाव घालू नकोस, केंद्राचं घाल.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती मोजायला रेघ लागत नाही.

आत्या

१६ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा उभ्याने वाचलं, कारण खुर्चीत बसवेना. हेही उभ्यानेच लिहिते आहे, तेव्हा अक्षराचं काही बोलू नकोस.

ती अट पोटासाठी नव्हती. पहिली मोजणी गोळीशिवाय झाली आणि शेवटची गोळीवर. मधला फरक व्यायामाचा किती आणि गोळीचा किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या केंद्राचा दोन हा आकडा गोळीचा आकडा आहे. मी त्यावर आठ दिवस खूश होते. सरांना सांगताना माझा आवाज चढला होता, तो मला आता ऐकू येतो.

तुझ्यावर रागावायला बसले आणि माझ्याकडेच बोट वळलं. नाक कापू नका असं मी बोलले. पेशंटसमोर, हसत, टाळ्या मिळाव्यात म्हणून. ज्या माणसाला खरं दुखणं सांगायचं आहे त्याला मी आधीच सांगून ठेवलं की मला कुठलं उत्तर आवडेल. आणि ज्या केंद्राचा आकडा इतका सुंदर आला त्यावर मी शंका घेतली नाही, कौतुकाचा परिच्छेद लिहायला घेतला. वाईट आकडा आला असता तर दहादा तपासला असता.

पण आत्या, हे सगळं बाजूला ठेव. तुझ्या पत्रातल्या एका ओळीने माझी झोप उडाली आहे. तू लिहितेस की त्या तिघींना गोळी घेऊनही उठता येईना. मी पहिल्या मोजणीचा कागद काढला. तुमच्याकडचे तीन क्रमांक मधल्या मोजणीपासून गैरहजर आहेत. पहिल्या वेळी त्यातली एक अकरा वेळा उठली होती, दुसरी नऊ, तिसरी दहा. म्हणजे तुझ्यापेक्षा कितीतरी बऱ्या होत्या. त्या कच्च्या नव्हत्या. आमच्याकडे आल्यानंतर त्या तशा झाल्या.

त्यांच्या क्रमांकापुढे मी गैरहजर असा शब्द लिहिला आणि पुढची ओळ घेतली. का गैरहजर, हे विचारायची जागा फॉर्मवर नव्हती. फॉर्म मी केला होता.

तू त्यांच्याकडे जा. मला नाव कळवू नकोस, फक्त गुडघे कसे आहेत आणि कधीपासून, ते विचार. शाळेच्या बाईसारखं नको विचारू.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

बारकी

२० सप्टेंबर

चि. बारकीस,

तुझं पत्र आल्यावर आधी मला रागच आला. सत्तरी उलटलेल्या बाईला भाचीने धडा शिकवावा, वगैरे. चहा गार होईपर्यंत मनातल्या मनात तुला उत्तरं दिली. मग एक आठवण नको तेव्हा समोर आली. एका मुलीने परीक्षेत बाहीत चिठ्ठी लपवली म्हणून मी तिचं वर्ष वाया घालवलं होतं. आणि आता मी एकोणीस बायकांना एकाच वेळी कॉपी करायला लावली, वर कागदावर नाही लिहून घेतलं. माझ्या हातून हे झालं यावर माझा विश्वास बसत नाही. पण हात माझाच.

टेलरबाईंकडे गेले. तू नाव नको म्हणालीस म्हणून नाव लिहीत नाही. दार त्यांच्या जावेने उघडलं, भिंत धरून. समोरच्या खोलीत शिवणयंत्रावर चादर घातलेली होती. वर अर्धवट शिवलेले शाळेचे शर्ट, बटणांशिवाय. मी विचारलं की टेलरबाई कुठे आहेत. जाऊ म्हणाली की दवाखान्यात, आज चौथा दिवस.

तिथे गेले. बारके, ती बाई माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे आणि मी तिला ओळखलं नाही. मी घरी बसवल्यावर तिने मनाशी ठरवलं होतं की शेवटच्या मोजणीपर्यंत तयार व्हायचं आणि मोठ्या बाईंना दाखवायचं. म्हणून सूज असताना व्यायाम दुप्पट केला, आणि तो करता यावा म्हणून गोळी रोज घेतली. एक नाही, तीन तीन. मोजणी संपली तरी त्या सुटल्या नाहीत. पोट जळायचं. पंधरा दिवस शौचाला काळं होत होतं, ते कुणाला सांगितलं नाही. शेवटी मशिनवरच चक्कर येऊन पडली. पोटात जखम होऊन रक्त जात होतं. आता धोका नाही म्हणतात. तिने मला पाहिल्यावर उठून बसायची धडपड केली आणि म्हणाली की बाई, माझ्यामुळे वर्गाचं नुकसान झालं नाही ना. मी तिला धरून परत आडवी केली.

तू विचारलंस कधीपासून. तिघींनाही विचारलं, वेगवेगळं, एकमेकींसमोर नाही. तिघीही एकच सांगतात. पाचव्या आठवड्यात पायरीवरून उतरायचा व्यायाम होता ना, त्याची पायरी उंच केली तेव्हापासून. दुसऱ्याच दिवशी गुडघ्याला सूज. तिघींनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं होतं की अंग चोरू नका.

ती चूक माझ्या खात्यावर. पायरीची मात्र तू बघ. ती मी उंच केली नव्हती, तुमच्या कागदावर होती.

तुझ्या भेटीची वाट पाहत नाही म्हणाले तर खोटं ठरेल, आणि खोटं आता पुरे झालं.

आत्या

२५ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र मी जसंच्या तसं सरांपुढे ठेवलं. ते वाचून त्यांनी जे सुचवलं ते मी तुझ्यापासून लपवत नाही. तुमचं केंद्र अहवालातून वगळायचं, कारण म्हणून नियमभंग एवढंच लिहायचं, आणि उरलेल्या दोन केंद्रांवर अहवाल तीस तारखेला पाठवायचा. साडेसहावरून पाच हेही काही कमी नाही, असं ते म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत. चार वर्षं त्यांनीही घातली आहेत.

आणि अर्धा दिवस मलाही ते पटलं होतं. घरी आले, भाजी चिरली, जेवले, आणि तेवढा वेळ मी तुझ्यावर सगळं ढकलून मोकळी होते. आत्याने गोंधळ केला, आत्याचं केंद्र गेलं, बाकी शाबूत. मग तुझ्या पत्रातली एक ओळ आठवली. पायरी कागदावर होती. पाचव्या आठवड्यात सर्वांनी पायरी वीस सेंटिमीटर करावी, हे वाक्य माझं आहे. कुणाचा गुडघा सुजला आहे का ते आधी बघा, हे वाक्य त्या कागदावर नाही. ते मला लिहायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन केंद्रांचे कागद पुन्हा काढले. तिथेही गैरहजर आहेत. नऊ. त्यांतले सात जण पाचव्या आठवड्यापर्यंत नेमाने आले आणि मधल्या मोजणीला नाहीत. तिथे आत्या नव्हती. तिथे कुणी कुणाला घरी बसवलं नाही, ते आपले आपणच बसले. आमचं पाच जे आहे ते राहिलेल्यांचं पाच आहे. ज्यांचं दुखणं वाढलं ते रेघेवर खूण करायला आलेच नाहीत. चाळीस दवाखाने, आत्या. प्रत्येकात वीस सेंटिमीटरची पायरी.

काल या अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे उभी राहिले. आवाज चढला नाही, उलट एकांनी मोठ्याने बोलायला सांगितलं. अहवाल थांबला आहे. पैसा आणि वर्षं वाया गेली असं एक सदस्य म्हणाले आणि ते खरं आहे. हा अभ्यास पुढे माझ्याकडे ठेवायचा की नाही ते पुढच्या महिन्यात ठरवतील. ठेवू नये असं माझं मलाच कधी वाटतं, आणि मग वाटतं की निसटून जायची ही सभ्य वाट आहे. सरांनी सगळं ऐकल्यावर माझ्या बाजूने हात वर केला. तिन्ही केंद्रांना आजच कळवलं आहे की घरी कुणी तो व्यायाम अजून करत असेल तर ताबडतोब बंद करावा.

टेलरबाईंना मी भेटणार आहे, त्या घरी आल्या की. त्यांची क्षमा मागायला तुझ्याबरोबर येईन, तुझ्याऐवजी नाही. तुझ्या त्या एकोणीस जणींना खरं सांगायचं काम तुझं आहे. तू ते माझ्यापेक्षा बरं करशील. एवढंच, की हजेरी घेऊन सांगू नकोस.

या नऊ जणांची नावं मला माहीत नाहीत. ती मला कळू नयेत म्हणून नावनोंदणीच्या वेळी मीच ती पाकिटात घालून लाखेने बंद करवली होती. त्यांना शोधून गुडघे कसे आहेत ते विचारता यावं म्हणून आज समितीने पाकीट माझ्या हातात दिलं. ते समोर आहे. नऊ क्रमांकांतला पहिला एकतीस. पहिल्या दिवशी हा माणूस, किंवा ही बाई, चौदा वेळा उठली होती. सगळ्या केंद्रांत तेवढं कुणीच उठलं नव्हतं.

आशीर्वाद मागत नाही, थोडी सोबत मागते.

तुझी,
बारकी

ता. क. उद्याचं काम : पाकीट उघडून क्रमांक एकतीसचं नाव वाचणे.