गाडी दारापर्यंत आणण्याच्या परवानग्या

हेर्त्सोगेनआउराखजवळून,
रविवार, २७ एप्रिल २०१४

ती. मालिनीताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. गणपतीनंतर माझं पत्र नाही, म्हणजे जवळजवळ आठ महिने झाले. कामात होतो असं लिहिणार होतो, पण डिसेंबरात चांगली दहा दिवस सुट्टी होती आणि ती मी लोळून घालवली, तेव्हा कारण न सांगता नुसती माफी मागतो. दाजींची शुगर कशी आहे? ते सकाळी फिरायला जातात की फिरायला जातो म्हणून वडापावच्या गाडीवर जातात? आईचा गुडघा कसा आहे ते मात्र तू नीट लिही, तिला विचारून नव्हे, तिच्याकडे बघून. इकडे ऊर्मिला मजेत. ऋचा आता चौदाची झाली. आम्ही मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर देते, फक्त भूक लागली की तिला मराठी आठवतं.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आई इथं आली तेव्हाचं तुला माहीतच आहे. आमच्या दारासमोर रस्त्यावर दिवसभर लोकांच्या गाड्या लागलेल्या असतात आणि मधेच थांबलं तर मागची बस अडते. ऊर्मिला म्हणत होती, एक मिनिट थांबव, आईंना उतरवू. मी थांबवली नाही. (एक मिनिट तर एक मिनिट, पण बसमधल्या तीस माणसांचा मिळून अर्धा तास होतो, असा मी तेव्हा हिशोब केला होता. आज तो बरोबर वाटतो, पण शहाणपणाचा वाटत नाही.) गाडी कोपऱ्यापलीकडे लावून आईला पावसात चालवत आणलं. तीन महिने ती काही बोलली नाही. परत जाताना म्हणाली, "तुझ्या घरापेक्षा विमानतळ बरा. तिथं निदान खुर्चीवरून नेतात. आता गाडी दारात येईल तेव्हाच मला बोलाव." म्हणून यंदा पुढची बाग काढून तिथं गाडी आत येण्यापुरती फरशी घालायची ठरवली, आणि धीर एकवटून तिचं ७ जूनचं तिकीटही काढलं.

इथं स्वतःच्या बागेत फरशी घालायला फारसं कुणी विचारत नाही. पण उकरलेलं सिमेंट आणि दगड टाकायला कंटेनर मागवला, तो रस्त्यावर उभा राहणार, आणि रस्ता गावाचा. त्यासाठी गेमाइंडेत, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेत, अर्ज करावा लागतो. कंटेनर किती लांब, किती रुंद, किती दिवस, वगैरे. शेवटी एक रकाना होता: सार्वजनिक जागेचा आणखी काही वापर होणार आहे काय? आता माझे सासरे शरदचंद्र यांनी पुण्याहून भूमिपूजनाचा मुहूर्त कळवला होता, शुक्रवारी सकाळी दहा चाळीसचा. बाग एवढीशी. पूजेला आम्ही तिघं आणि ऑफिसातली दोन मराठी कुटुंबं. मी सुतळीने मोजून पाहिलं, तर दोन माणसांचे पाय फुटपाथवर येत होते. मी त्या रकान्यात लिहिलं: होय, वीस मिनिटं, धार्मिक विधी, दोन माणसं अंशतः.

ऊर्मिलाने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही लिहिलंत तरी कशाला? पाय जरा आत घेतले असते!" ते मला सुचलं नव्हतं. (खरं तर सुचलं होतं, पण पूजेत कुणाला पाय आत घ्या म्हणणं बरं दिसत नाही.)

तीन दिवसांनी दुसरा फॉर्म आला, सार्वजनिक कार्यक्रमाचा. ध्वनिक्षेपक आहे का? नाही. खाद्यपदार्थांचं वाटप? इथं मी एक अख्खी संध्याकाळ अडलो. शिरा हा खाद्यपदार्थ आहे, पण प्रसाद हे वाटप आहे का? शेवटी "होय, प्रत्येकी दोन चमचे" असं लिहिलं. उघडी आग? निरांजन, एक वात. दुसऱ्या दिवशी तिथल्या फ्राऊ ड्रेक्सलर यांचा फोन आला. बाई अतिशय सज्जन. आगीची उंची विचारली. मी निरांजन लावून पट्टीने मोजली आणि सांगितलं, तीन सेंटिमीटर. मग म्हणाल्या, "असं बघा, हेर पटवर्धन, तीन सेंटिमीटरची आग आमच्याकडे वाढदिवसाच्या केकवर असते. तुम्ही करा तुमचा विधी. फक्त पुढच्या वेळी कमी लिहा." इतक्या वर्षांत या देशात मला कमी लिहा असं सांगणारी ही पहिली व्यक्ती.

पूजा छान झाली. नारळ दुसऱ्या फटक्यात फुटला. फुटपाथवरून जाणाऱ्या एका आजीबाई थांबून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि शिरा दोनदा घेऊन गेल्या. (मंजूर माप ओलांडलं गेलं, ते मी कुणाला कळवलं नाही. हा बदल तुझ्या लक्षात यावा.)

सोमवारी कंटेनर आला. त्यात फक्त दगड, विटा, सिमेंट टाकायचं, दुसरं काही सापडलं तर सगळंच मिश्र कचरा धरून दर तिप्पट, असं ड्रायव्हरने बजावलं होतं. बुधवारी सकाळी बघतो तर आत एक गादी, इस्त्रीचं टेबल आणि प्लास्टिकचं नाताळचं झाड! सगळं बाहेर काढलं आणि त्यावर चिठ्ठी लावली: "ज्यांचं असेल त्यांनी कृपया न्यावं. राग नाही." ऊर्मिला म्हणाली, "राग नाही हे लिहायची काय गरज?" मला वाटलं, लिहिलं नाही तर राग आहे असं वाटेल. शिवाय थोडा होता.

संध्याकाळी शेजारचे हेर फोगेलमान दारात उभे. वय अठ्ठ्याहत्तर, बायको मागच्या वर्षी गेली. सहा वर्षांत आमचं बोलणं नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं. म्हणाले, "गादी माझी. एकट्याला एवढी मोठी लागत नाही." मग मीच माफी मागितली, कशाबद्दल ते नक्की सांगता येणार नाही. त्यांना आत घेतलं, ऊर्मिलाने चहा केला, आणि शनिवारी मी त्यांची गादी माझ्या गाडीतून गावाच्या कचरा केंद्रावर सोडून आलो. ऋचा त्यांच्याशी तासभर बोलली. आमच्याशी ती आठवड्यात एवढं बोलत नाही.

फरशी परवा पूर्ण झाली. करड्या रंगाची आहे, पाण्याचा उतार बरोबर आहे, आणि मी उगाचच दिवसातून चारदा तिच्यावर उभा राहून येतो. खूप दिवसांनी एक काम नीट झाल्यासारखं वाटतंय.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर

ता. क. १ : एक गोष्ट वर लिहायची राहिली. (राहिली नाही, लिहवली नाही.) फरशी आहे, पण गाडी तिच्यावर येऊ शकत नाही. फुटपाथची कड उंच आहे, ती उतरवायचा हक्क गावाने नेमलेल्या माणसाचा, आणि त्याची तारीख ३० जून. मला हे मार्चपासून माहीत होतं. कड उतरेपर्यंत समोर लोकांच्या गाड्याही लागलेल्याच राहणार. तेव्हा ताई, आईला तूच सांगशील का, की तिकीट चार आठवडे पुढे ढकलू या? मी सांगितलं तर ती म्हणेल राहू दे, आणि मग ती कधीच येणार नाही. तुझ्या तोंडून तिला राग येत नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात ऊर्मिलाने वरचं वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ शेजारी गेली. फोगेलमान यांच्या घरासमोर कड कधीचीच उतरवलेली आहे. त्यांच्या फरशीवर गाडी उभी केली तर तिथून आपला दरवाजा नऊ पावलांवर आहे. मी आत्ता जाऊन मोजली. त्यांना विचारलं, दोन वर्षांपूर्वीही चाललं असतं का? म्हणाले, "नाटुअर्लिश," म्हणजे अर्थातच, " तुम्ही विचारलंच नाहीत." मी या देशातल्या सगळ्या कचेऱ्यांना विचारलं होतं, ताई.

ता. क. १ वाचू नकोस. तू काही सांगू नकोस.

उद्याचं काम: आईला स्वतः फोन करणे.