आधी दोन घास

ती. आईस, कुंभकोणमहून वाणीचा नमस्कार.

"आधी नवरीला दोन घास भरव, मग लुगडं नेसव," असं आजी म्हणायची. साठ वर्षं तिनं गावोगावच्या नवऱ्या अशाच सजवल्या. काल चोळपुरमच्या लग्नात नवरी सजवताना मी ते विसरले. कासोटा खोचताना उपाशी नवरीला, जयश्रीला, भोवळ आली. लुगडं सोडून दहीभात भरवला, मग पुन्हा नेसवलं. एक म्हातारी हसली, "अंबाबाईची नात ना तू? मलाही तिनं असंच भरवलेलं!" आई, माझी मान ताठ झाली.

तुझे गुडघे कसे आहेत? दादा दवाखान्यात नेतो ना?

जयश्रीच्या बहिणीला लग्नात आजीचं तांबडं लुगडं हवंय. आजी गेल्यापासून तू त्याची घडी मोडली नाहीस. नाहीच म्हणशील, तरी मागते. पाठवशील?

तुझी,
वाणी