अठ्ठेचाळीस नंबरचा कागद

मोहाडी, बुधवार, संध्याकाळ

केली बुवा सही. सट्ट्याचा नाद सुटावा म्हणून दर बुधवारी दवाखान्यात येऊन डॉक्टरांशी बोलायला माझी संमती आहे, असा तो कागद.

पण फुकट काहून? नागपूरहून येणारा हा डॉक्टर माझ्यासारख्याशी तासभर बोलणार आणि काहीच घेणार नाही? विचारलं तर म्हणतो, "पगार भेटते ना मले, बाबूजी. तुम्ही फक्त बोला."

वर म्हणे, यातलं काही खोलीबाहेर जाणार नाही. मला हसूच आलं. तहसिलीतलं सगळं टपाल इतकी वर्षं माझ्याच हातातून जातं. 'गोपनीय' लिहिलेली किती पाकिटं मी वाफेवर उघडली आणि चहाच्या वेळी चौघांना वाचून दाखवली! माझ्या कागदाचं वेगळं काय होणार?

मग त्याने नाव लिहिलंच नाही. नुसता नंबर टाकला, अठ्ठेचाळीस. "हा फक्त तुमाले अन् मले माहीत." अठ्ठेचाळीसच काहून? आधीचे सत्तेचाळीस कोण? की उगाच टाकला?

घरी बायकोने विचारलं, "सांगतलं का सगळं त्याईले?"

"सांगितलं," म्हटलं. तेवढ्यानेच तिचा चेहरा खुलला. पुढचं तिला कसं सांगू?

येताना बसस्टँडवरच्या पानठेल्याशी थांबलो होतो. डॉक्टर तो नंबर कोणाकोणाला सांगेल, हेच डोक्यात. ठेलेवाल्याने नेहमीसारखं विचारलं, "आज कोणता आकडा लावता, बाबूजी?"

मीच सांगून आलो. अठ्ठेचाळीस.