काचेवरची टकटक

सोमवार, ३ मार्च

डोकं भणभणलंय. प्रोग्रॅम एकमेकांना जोडायच्या तीन रीती वाचल्या: सकाळी पाइप, दुपारी सॉकेट, चहानंतर शेअर्ड मेमरी. धड हे ना धड ते. काम तसं एवढंसं. रक्त तपासणारी लॅब. कॉम्प्युटर एक, प्रोग्रॅम दोन — मागचा यंत्राकडून आकडे घेणार, पुढचा ते काउंटरवर दाखवणार. दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं, ते मी ठरवायचं. साहेब म्हणतात, "काहीही वापर, शुक्रवारी चालू पाहिजे." काहीही म्हणे!

मंगळवार, ४

गुरुजींना फोन केला. रिटायर झाले तरी ऑफिसात सगळे अडले की त्यांच्याकडेच जातात. सगळं ऐकून मलाच विचारतात, "कोण कुणासाठी थांबणार, ते सांग आधी." थांबायचं कशाला? होता तो गोंधळ आणखी वाढला.

बुधवार, ५

दिवसभर लॅबमध्ये. अजून चिठ्ठ्यांवर चालतं. तपासणी करणारे काका काचेखालून चिठ्ठी सरकवतात, काचेवर दोनदा टकटक. काउंटरवरच्या ताई नाव वाचतात, उलट एकदा टकटक. ती ऐकल्याशिवाय काका पुढच्या नळीला हात लावत नाहीत. चोवीस वर्षं हेच! मला हसू आवरेना.

ठरलं. शेअर्ड मेमरी. दोघांना मिळून एकच जागा: मागच्याने तिथे आकडा ठेवायचा, पुढच्याने उचलायचा. सगळ्यात झटपट. एक घाव दोन तुकडे.

गुरुवार, ६

वीस नमुने, वीस बरोबर. मग गुरुजींचा तो प्रश्न अजून का आठवतो?

शुक्रवार, ७

दादाला ओढत नेलं. वजन उतरलंय, सारखं पाणी पितो, आणि तपासणी म्हटलं की याची कामं निघतात. वर्षभर टोलवतोय. "माझ्या प्रोग्रॅमचा पहिला पेशंट हो" म्हटलं, तेव्हा कुठे आला. रक्त देऊन कामावर गेला.

पडद्यावर त्याचं नाव, साखर ९६. मी लगेच फोन. "सगळं नॉर्मल आहे!" तो म्हणाला, "नक्की माझाच ना?" असा राग आला. "सख्ख्या बहिणीवर विश्वास नाही?"

फोन ठेवते तो ताई म्हणाल्या, "काकांनी वाजवलं नाही अजून. मी नाही देणार हा कागद."

मागे जाऊन पाहिलं. दादाची नळी स्टँडमध्येच होती, तपासलीच नव्हती. ९६ त्याच्या आधी तपासलेल्या कुणा आजोबांचे. जुना आकडा तिथेच पडलेला, माझ्या प्रोग्रॅमने उचलला आणि नव्या नावाला चिकटवला. कुणी कुणासाठी थांबलंच नाही. साहेबांना सांगितलं, आज चालू होणार नाही. ते काय काय बोलले ते लिहीत नाही. दादाला कळवू का? पण काय कळवू? खरा आकडा येऊ दे आधी.

शनिवार, ८

सॉकेट. निरोप जाईल, समोरचा नाव जुळवेल, पोच देईल, मगच आकडा पडद्यावर. हे पाइपनेही जमलं असतं. असो, आता बदलत नाही.

संध्याकाळी दादाचा खरा आकडा मिळाला. ३१२. हे फोनवर सांगणार नाही. उद्या घरी जाते.

रविवार, ९

समोर बसवून सांगितलं. दादा म्हणाला, "ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. घरी कुणाला बोललो नाही. चोरून गोळ्या घ्यायचो. परवा तुझा फोन आला, आणि उरलेल्या सगळ्या फेकून दिल्या."