पेंटीच्या कुरणातली मासेमारी

कोइवुलाहती,
मार्चमधला एक सोमवार

चि. सौ. राइली हिला, तिच्या नळातल्या गरम पाण्याला आणि तिच्या इमारतीतल्या लिफ्टला मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या ओलावींच्या अंगठ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं; त्यांना म्हणावं, आता तरी खारवलेल्या डुकराकडे जरा कमी बघा. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे, गुडघा सोडून, आणि गुडघ्याला मी प्रकृतीत धरतच नाही. तुझ्या शेजारची खोली रिकामी झाली आहे, घरमालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे, तेव्हा हो की नाही ते कळव, असं तू लिहितेस. शिवाय विचारतेस की आई गेल्यापासून त्या घरात दोन शब्द बोलायला तरी तुला कोण आहे? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायलाच बसले आहे, पण आधी कालच्या रविवारचं ऐक, म्हणजे तुझं म्हणणं किती बरोबर आहे हे माझ्याच तोंडून तुला कळेल.

आर्वी तुला आठवत असेल. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो तो, विधुर, युद्धानंतर रशियाकडे गेलेल्या करेलियातून आलेल्यांपैकी. करेलियातली माणसं बडबडी असतात म्हणतात. यानं आपल्या वाट्याचं बोलणं बहुधा पळून येताना तिकडेच ठेवलं. पानगळीपासून तो दर गुरुवारी येतो, कॉफी पितो, "बरं" म्हणतो आणि जातो. मी मात्र बोलत असते (तू मला ओळखतेसच), आणि तुझ्या खोलीबद्दलही सगळं सांगून झालं होतं. त्यावर गेल्या गुरुवारी तो दारात थांबला आणि म्हणाला, "रविवारी मासे धरायला जातोय. बर्फात भोक दोघांना पुरेल एवढं पाडतो." आता, मी बर्फावर पाऊल ठेवत नाही हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. बर्फ फुटून बाबांचा घोडा गाडीसकट तळ्यात गेला तेव्हा तू पाळण्यात होतीस. मी काठावर उभी होते. तेव्हापासून सगळं गाव चर्चला तळ्यावरून सरळ जातं आणि मी वळसा घालून, प्रवचन निम्मं झाल्यावर पोचते (याचे फायदेही आहेत). तरी मी हो म्हटलं. का, ते विचारू नकोस. महिनोन्महिने मूग गिळून बसलेला माणूस एकदम दोन वाक्यं बोलला की ऐकणारा गडबडतो.

तर रविवारी मी बाबांचे बूट वर्तमानपत्रं कोंबून घातले, वेलदोड्याचा गोड पाव घेतला, आणि कोणी मृत्युपत्र विचारलं तर काय सांगायचं याचा विचार करत बाहेर आले. त्यानं मला घसरगाडीवर रेनडियरच्या कातड्यावर बसवलं आणि बटाट्याच्या पोत्यासारखं ढकलत नेलं. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा समोर पेंटीचं वैरणीचं कोठार! राइली, नोव्हेंबरच्या पावसात तळं फुगून पेंटीच्या कुरणात शिरलं होतं आणि तसंच गोठलं होतं, हे तुला लिहिलंच होतं. या शहाण्यानं गिरमिट काढलं आणि नेमकं त्या कुरणात भोक पाडायला सुरुवात केली. बर्फ संपल्यावर गिरमिट खाली मातीत कुरकुरलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. सांगावं की नाही? आपल्याकडे माणसाला तू बायकोच्या मयताला का नव्हतास असं विचारता येतं, पण तू इथे भोक का पाडलंस असं विचारत नाहीत. बाहेरून आलेला माणूस, त्याला कुरण आणि तळं कुठून कळणार, असं म्हणून मी गप्प बसले. मी! गप्प!

पुढचं काय सांगू. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पहिल्या गळाला गवत लागलं. दुसऱ्याला कुंपणाची तार, तीही अशी की माझा गळ तिथेच राहिला. आर्वीनं प्रत्येक वेळी ते गवत गळावरून हळूच सोडवलं आणि मासा ठेवावा तसं बर्फावर ओळीनं मांडलं. मग माझा कप भोकात पडला. मी कोपरापर्यंत हात घातला, तळावरून कप उचलला आणि झटकला. तळ्यात असं कधी होत नाही, पण आर्वी त्या वेळी अगदी लक्षपूर्वक बर्चचं एक झाड निरखत होता. सॉसेज भाजायला शेकोटी केली, तर तिची ठिणगी माझ्या हातमोज्यावर. एवढ्यात माझा डावा बूट भोकाभोवतीच्या चिखलबर्फात गोठून बसला. मी उठले, बूट उठला नाही. शेवटी आर्वीनं थर्मासमधली सगळी कॉफी त्यावर ओतली. सगळी! मला तो बूट तिथेच सोडलेला चालला असता.

या अवस्थेत, एका पायात नुसता मोजा, समोर गवताची ओळ, अशी मी बसलेली असताना पेंटी स्कीवरून आला. त्याच्याच कुरणात. टोपी उचलून म्हणाला, "काय आर्वी, लागतंय का काही?"

आर्वीनं शांतपणे भोकाकडे पाहिलं. "आत्ताच एक सुटला."

परत येताना मी तुझ्या खोलीचं वर्णन पुन्हा एकदा केलं, कारण शांतता मला सोसत नव्हती. दाराशी पोचल्यावर त्यानं विचारलं, "तिथे खिडकीतून काय दिसतं?" मी म्हटलं, समोरच्या इमारतीची भिंत. "बरं," म्हणाला आणि गेला. मी मनात म्हटलं, झालं, असल्या माणसापायी कोण इथे राहतंय? आणि रात्रीच तुला होकाराचं पत्र लिहायला घेतलं (ते हे नव्हे).

आज सकाळी दुकानात साखर आणायला गेले तर पेंटी तिथे उभा (त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तू जाणतेसच). म्हणाला, "काय हिल्का, माझ्या गवताला गळ टाकून आलीस म्हणे!" मी म्हटलं, हसू नकोस, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. तर पेंटी म्हणतो, "ठाऊक नाही? अगं, शनिवारी माझ्याकडे परवानगी मागायला आला होता! म्हणाला, गुडघ्याच्या वर पाणी नको, तळ हाताला लागला पाहिजे, नाहीतर ती बसणार नाही. मी म्हटलं, अरे बाबा, गाव हसेल. तर म्हणतो, हसू दे."

राइली, मी साखर न घेताच घरी आले. स्वयंपाकघरात बसून रडले, तेही तोंडानं आवाज न करता, म्हणजे बघ. एवढा माझा विचार आजवर कोणी केला नव्हता. तू पाळण्यात होतीस, आणि आईला गाई होत्या.

असो. तुझी खोली फार चांगली आहे, तिला नाव ठेवायला जागा नाही. ओलावींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
हिल्का

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आज शुक्रवार. काल आर्वी आला तेव्हा मीच म्हटलं, चल, आता खऱ्या तळ्यावर. त्यानं नुसतं माझ्या बुटांकडे पाहिलं. मधोमध गेलो. खाली पाणी किती हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, पण माझी बाही त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही. मासा एकच मिळाला, वीतभर. तोही सोडून दिला.

आणखी ता. क. घरमालकाला सांग, खोली दुसऱ्या कोणाला द्यावी.

शेवटचा ता. क. जूनमध्ये युहानुसच्या सणाला तुम्ही सगळे या, आणि येताना तुझे ते निळ्या काठाचे कप घेऊन ये. पाहुणे बरेच होतील, आणि पाद्रीसाहेबांना मी फुटक्या कपात कॉफी देणार नाही. पाद्रीसाहेब कशाला, असं आत्ताच आर्वीला पत्रानं विचारत बसू नकोस. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. पण तो नाही म्हणणार नाही. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं.