अलगद फटका, धाकटीच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, गोदीतून निवृत्त झालेली क्रेनचालक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले असून ते पत्र सोबत जोडले आहे. हृदयाची एक झडप मात्र नीट मिटत नाही, आणि ती बदलण्यासाठी येत्या गुरुवारी माझी छाती उघडणार आहेत. मला कुणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. मला धाक घालणारे माणूस अजून जन्मायचे आहे असे आमची आई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने म्हणायची नाही. वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता, पण त्यात कारणे लिहायला जागाच नव्हती.

कलम १. घर. दोन मजले आणि गच्ची, सगळे माझ्या नावावर आहे. तळमजल्यावर मी राहते. वरच्या मजल्यावर माझी धाकटी बहीण राहते, वय चौसष्ट, चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. आम्हा दोघींना मूलबाळ नाही. नवरे होते, एक देवाघरी गेला, एक दुसरीकडे गेला. हे संपूर्ण घर माझ्यानंतर धाकटीला मिळावे. ती गेली सहा वर्षे माझ्याशी बोलत नाही, त्याचा या कलमाशी काहीएक संबंध नाही.

कलम २. ती का बोलत नाही, हे नोंदवून ठेवते, कारण गल्लीत याच्या चार वेगवेगळ्या कहाण्या आहेत.

आम्ही दोघी पिकलबॉल, म्हणजे फळीसारख्या पॅडलने भोकांचा हलका चेंडू जाळ्यापलीकडे मारायचा खेळ, खेळायचो, जुन्या गोदामात आखलेल्या कोर्टांवर, जोडीने. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना सात सात फुटांचा पट्टा असतो, खेळाडू त्याला किचन म्हणतात. त्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. टप्पा पडू द्यावा लागतो. म्हणून शहाणे लोक पट्ट्याच्या कडेला उभे राहून चेंडू इतका हळू पलीकडे सोडतात की समोरच्याला तो जोरात मारताच येऊ नये. धाकटीचा हात त्यात बसलेला होता. दिवसभर चष्म्याचे इवलेसे स्क्रू पिळणारा हात तो. माझा हात हाणायचा. चेंडू दिसला की हाणायचा.

आमच्या क्लबच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आम्ही दहा-नऊ होतो, सर्व्हिस आमची, एकच गुण हवा होता. धाकटी तिरक्या रेषेत चेंडू सोडत होती, समोरच्या बाईच्या डाव्या पायापाशी, पुन्हा तिथेच, पुन्हा तिथेच. पंचविसाव्या की तिसाव्या फटक्याला चेंडू धाकटीच्या पुढ्यात आला, गुडघ्याएवढा. माझ्याने राहवेना. मी तिला ओलांडून पुढे घुसले आणि हाणला. चेंडू तर जाळ्यात गेलाच, वर माझा पाय पट्ट्यात. त्यानंतर आम्ही बारा-दहा हरलो. आणि मी, माझ्या जिभेला हाड नाही म्हणून, चाळीस माणसांसमोर म्हणाले, "हिच्या भिजत घोंगड्यानं घात केला. स्क्रू पिळण्यापलीकडे अक्कल नाही हिला."

धाकटीने पॅडल पिशवीत घातले, चेन ओढली आणि म्हणाली, "ताई, चेंडू माझा होता." तिचे माझ्याशी शेवटचे बोलणे ते.

कलम ३. क्रेनच्या केबिनमधले माझे चामडी हातमोजे, थर्मास आणि बसायची गादी माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावी. ती चांगली आहे, फक्त घाई करते. तिला सांगावे की एकतीस वर्षांत माझा एकही खोका आपटला नाही. खाली उभ्या माणसाच्या कपातला चहा हलायचा नाही, असा टेकवायचे मी. दुपारी समुद्रावर धुके उतरले की खालची माणसे, ट्रक, रूळ सगळे विरघळून जायचे, फक्त माझा दोर आणि त्याच्या टोकाला तो खोका उरायचा, आणि मी श्वास धरून त्याला खाली खाली सोडत राहायचे. अजूनही झोप लागताना मला कुठून तरी काहीतरी खाली सोडत असल्यासारखे वाटते. ते काय असते ते कधी दिसत नाही.

कलम ४. माझे पॅडल, अकरा चेंडू आणि निळी वही धाकटीला. वहीत काय आहे ते इथेही लिहिते, कारण ती उघडेलच असे नाही.

भांडणानंतर वर्ष-दोन वर्षे मी तोंड फुगवून बसले. मग एका सकाळी गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूने जाळ्याच्या उंचीची रेघ ओढली आणि भिंतीशी खेळू लागले. धाकटीची खोली नेमकी खाली आहे हे तेव्हा ध्यानात आले नाही. आले असते तर आणखी जोरात हाणले असते, खरे तेच लिहिते. रोज सकाळी जायचे, तिच्या दारावरून. गच्चीवर वारा भोकांच्या चेंडूतून शिरला की बारीक सूर निघतो. हलका चेंडू उन्हात वर जातो तेव्हा क्षणभर जागच्या जागी थांबतो, खाली यायचे की नाही ते ठरवत असल्यासारखा. मी तो क्षण पाहत कितीतरी सकाळी घालवल्या.

शिकले ते असे. पॅडल इतके सैल धरावे की कुणी मागितले तर बोटे न उघडता देता यावे. मनगट गप्प ठेवावे, हात खांद्यातून हलवावा. चेंडू लांबून सोडताना त्याची सगळ्यात उंच जागा आपल्याच बाजूला असावी, म्हणजे जाळे ओलांडताना तो उतरत असतो. जाळे मधोमध दोन इंच खाली असते; अडचणीत तिथून जावे. चेंडू जाळ्याच्या खाली असेल तर हाणू नये, परत सोडावा, पुन्हा सोडावा, समोरच्याचा धीर सुटेपर्यंत. गुडघे वाकवावेत. माझे सगळे अडले ते इथेच. एकतीस वर्षे मी जग वरून पाहिले होते, आणि वरून पाहिले की गुडघ्याएवढा चेंडूही आपल्या हातातला वाटतो. वाकून पाहिले तेव्हा कळले की त्या दिवशी तो चेंडू मारण्यासारखा नव्हताच. तो फक्त परत सोडण्यासारखा होता, आणि ते करायला धाकटी तिथे उभी होती.

कलम ५. क्लबचे मिशीवाले सेक्रेटरी हळू खेळाला "गुडघे गेलेल्यांचा खेळ" म्हणतात. त्यांना मी माझा गुडघ्याचा पट्टा देत आहे. त्यांनी तो मिशीला पीळ देऊन स्वीकारावा.

कलम ६. उरलेसुरले सगळे क्लबला. गोदामाच्या छपराचे दोन पत्रे बदलून पारदर्शक घालावेत. तिसऱ्या कोर्टावर सकाळी उजेड कमी पडतो.

कलम ७. माफी ही मालमत्ता नाही, ती मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. तरी लिहिते. धाकटीची माफी मागायची माझ्याकडून राहिली आहे. तिच्या दारावरून गेली चार वर्षे जाते-येते, पण हात दारापर्यंत जात नाही. चाळीस टनांचा खोका मी अंड्यासारखा टेकवला, हे एक वाक्य मला टेकवता आले नाही. गुरुवारी जाग आली नाही तर ते तसेच लटकत राहील, आणि मला भीती आहे ती तेवढीच, सुरीची नाही.

पुरवणी. त्याच दिवशी, त्याच पेनाने.

वरचा मजकूर पुरा झाल्यावर वकीलबाई आल्या, डॉक्टर साक्षीला आले. दुसरे साक्षीदार क्लबचे रखवालदार. त्यांची गाडी वाटेत बंद पडल्याचा फोन आला. वकीलबाई स्वतः साक्षीला सही करत नाहीत, आणि त्यांना पुढे दुसरीकडे जायचे होते. "वर कुणी असेल ना?" म्हणाल्या आणि मी नको म्हणेपर्यंत जिना चढल्यासुद्धा.

त्यांच्यामागून धाकटी खाली आली. तिने उभ्याउभ्या सगळी पाने वाचली, गुडघ्याच्या पट्ट्याचे कलम दोनदा. मग म्हणाली, "पेन द्या."

"अहो, बहीण म्हणजे तुम्हीच? मग तुम्ही कशा चालाल?" वकीलबाई म्हणाल्या. "ज्याला काही दिलंय, त्यानंच साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेलं रद्द होतं. घर मग उरलंसुरलं म्हणून क्लबला जाईल."

"म्हणजे ही गेली, की मी रस्त्यावर?"

"कायद्यानं, हो."

"आणि ही घरी परत आली तर?"

"तर काय, हे कागद फाडायचे आणि नवीन करायचे."

धाकटी टेबलाशी बसली. मी म्हणाले, "चुकलं माझं. तेव्हाही चुकलं, आणि इतकी वर्षं गप्प बसले तेही चुकलं."

"माहितीये मला," ती म्हणाली. "वरून ऐकतेय ना रोज. आधी भिंत पाडायला निघाली होतीस. हल्ली तर आवाज येतोय की नाही म्हणून मीच कान लावून बसते."

वकीलबाईंनी पुन्हा एकदा समजावले. डॉक्टरही काहीतरी बोलले. धाकटीने कुणाकडे लक्ष दिले नाही. पेनाचे टोपण काढून ती मला म्हणाली, "नीट ऐक, ताई. आता मी सही करते. तू मेलीस तर मला घर नाही. मला बेघर करायचं नसेल, तर गुरुवारी डोळे उघडायचे."

यावर माझे काही म्हणणे नाही. वाचून पाहिले, बरोबर आहे.

स्थळ: तळमजला, जेवणाचे टेबल
तारीख: ९ मार्च, मंगळवार, सकाळी साडेअकरा

मृत्युपत्र करणारी: मोठी बहीण (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर (सही). बाई पूर्ण शुद्धीत होत्या, रडत होत्या.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण (सही). परिणाम समजावून सांगितले, समजले, म्हणूनच सही केली.