मिलानचे तीन विमानतळ

बुध. ५ नोव्हें.
मीटिंगमध्ये असताना मंदारचे चार मिस्ड कॉल. आई सध्या मिलानला त्याच्याकडे आहे, सुनेच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आलेली. काल जिन्यात चक्कर येऊन पडली. हृदयाची झडप गेलीय. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी, १३ ला.
"ताई, तू ये. घरात तान्हं बाळ, मला एकट्याला नाही जमणार." मग आईने त्याच्या हातून फोन घेतला. "काही येऊ नको. मी ठणठणीत आहे." ठणठणीत माणसाची छाती कोणी उघडतं का.
आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी सातच्या आत पोचायला हवं, भेटीची वेळ तेवढीच. आत नेण्याआधी एकदा तिला बघायचंय. बाकी काही नको.

संध्या. – माझ्या नवऱ्याने, निखिलने लॅपटॉप उघडला. मिलानला तीन विमानतळ. लिनाते गावातच, मालपेन्सा लांब, बर्गामो तर चक्क दुसरं गाव, नाव फक्त मिलानचं लावतात. आपल्या बाजूला, लंडनमध्ये, स्टॅनमोरहून ल्यूटन, हीथ्रो, स्टॅनस्टेड, गॅटविक. नि.ने तक्ता केला. संकटात त्याला तक्ते सुचतात, मला काहीच सुचत नाही.

गुरु. ६
नि. म्हणतो, थांब, मंगळवारी भाडं उतरतं. स्टॅनस्टेड–बर्गामो आत्ताच निम्म्यात आहे, पण तिथून पुढे बस, आणि बस चुकली तर...
बाबांच्या वेळीही हेच. "दोन दिवस थांबू, उतरेल." नि. नव्हता म्हणाला, मी म्हटलं होतं. नागपूरला पोचले तेव्हा हॉलमध्ये सतरंज्या घातलेल्या आणि मला बघून सगळे बाजूला सरकले. आठ वर्षं झाली. हे कोणाजवळ बोलले नाही. आज दिवसभर त्या सतरंज्याच दिसतायत.

शुक्र. ७
लंचमध्ये तिकीट काढून टाकलं. न विचारता. हीथ्रो–लिनाते, बुधवारी दुपारी दीडला पोचतं. सगळ्यांत महाग. एकेरीच काढलं, परतीचं रविवारचं नंतर बघू.
वाटलं नि. चिडेल. "बरं केलंस," म्हणाला आणि तक्ता बंद केला. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणजे आईचं काही खरं नाही, असं त्यालाही वाटतंय.

रवि. ९
आईचा फोन. "बुधवार काही बरा नाही. मंगळवारीच प्रस्थान ठेव कोणाकडे." हॉस्पिटलात पडून माझं पंचांग बघून राहिली आहे!
"काय ठेवू?"
"रुमालात तांदूळ, सुपारी, हळकुंड. आणि ज्याच्याशिवाय जाताच येत नाही असं काहीतरी. दुसऱ्या घरी ठेवायचं, म्हणजे आधीच निघाल्यासारखं होतं, निघताना तिथूनच उचलायचं. मधे गाठ सोडायची नाही."
एरवी हसले असते. हो म्हटलं.
सई शेजारी ऐकत होती. दहा वर्षांची आहे, मराठी तिचं तिचं. "मम्मा, आजीची ऑपरेशन मोठा आहे? तू संडेला येणार ना बॅक?" येणार म्हटलं.

मंगळ. ११
कामावर जाण्याआधी शेजारच्या कुलकर्णी काकूंकडे प्रस्थान ठेवून आले. रुमालात पासपोर्टही बांधला. ज्याच्याशिवाय जाता येत नाही ते तेच की. काकूंनी देवाजवळ ठेवलं.

संध्या. ६ – चेक-इन करताना नि.ने सहज विचारलं, "नवा पासपोर्ट व्हिसाच्या अकाउंटला जोडलायस ना?"
नाही जोडला. पासपोर्ट उन्हाळ्यात नवा केला. इथला व्हिसा आता सगळा ऑनलाइन, हातात कार्ड नाही की कागद नाही, आणि तो अजून जुन्याच नंबरावर आहे. जाताना अडचण नाही, इटलीचा व्हिसा, बाळ बघायला जायचं म्हणून आधीच काढलेला, नव्या पासपोर्टवर आहे. पण परत येताना मिलानला एअरलाइनवाले नंबर घालणार आणि समोर काहीच येणार नाही. मग चढू देतील का? इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर "नंबर बदलायला विसरू नका हं" असा मेसेज मीच टाकला होता, वर हात जोडलेले.
"पासपोर्ट आण, आत्ता स्कॅन करू."
"काकूंकडे आहे."
"काकूंकडे का?"
सांगितलं. त्याने घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "जा, गाठ तिथेच सोड."

७.३० – काकूंना सांगताना रडू आलं. "गाठ सोडू नये म्हणतात गं," त्या म्हणाल्या. मग माझं तोंड बघून, "तू सोड. मी आत कणीक मळते, मला काही दिसत नाही."
गाठ निघेना, शेवटी दातांनी सोडली. टेबलभर तांदूळ. फोन पासपोर्टवर धरायचा, तीनदा फेल, चौथ्यांदा घेतलं. तांदूळ गोळा करून पुन्हा बांधलं, कसंतरी. स्क्रीनवर आलं: मिळालं, तपासून कळवू. कधी, ते नाही.
"काकू, आईला नका सांगू तुम्ही."
"मी कशाला सांगतेय!"
माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नाहीच. पण गाठ मी सोडली आणि ऑपरेशन तिचं आहे.

बुध. १२
हीथ्रो. मेल नाही. काउंटरवरच्या बाईंना विचारलं. जायला हरकत नाही म्हणाल्या, परत येण्याचं मी सांगू शकत नाही. छान होत्या, म्हणून जास्तच भीती वाटली.
नि. म्हणतो, अडकलीस तर अडकलीस, सईचं मी बघतो. दोन-चार दिवस. पण दोन-चारच कशावरून? आणि ऑफिसला काय सांगू? गेटवर बसून सईला फोन लावणार होते, नाही लावला. आवाज ऐकला असता तर मागे फिरले असते.
चढले.

विमानात – लिनातेला धुकं. अर्धा तास घिरट्या. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, पंखसुद्धा दिसत नाही. कॅप्टन म्हणतो मालपेन्साला उतरवणार. तीन दिवस आम्ही विमानतळ निवडत होतो.

७.२० – पासपोर्टची अडीच तास रांग, मग बस, बसपुढेही धुकंच, तासाच्या वाटेला दोन तास. हॉस्पिटलचा तो मजला बंद झाला होता. काचेतून नर्सला हात जोडले, तिने नाही म्हणून मान हलवली. वीस मिनिटं उशीर. फक्त वीस. मंदार म्हणाला, "ताई, सकाळी आत नेताना कॉरिडॉरमध्ये दोन मिनिटं भेटू देतात म्हणे."
म्हणे.

गुरु. १३
भेटली.
ट्रॉली थांबवली त्यांनी. डोक्याला टोपी, कवळी काढून ठेवलेली, एवढीशी दिसत होती. काय काय बोलायचं ठरवलं होतं, नुसता तिचा हात धरला. गार होता. तिनेच विचारलं, "परतीचं केव्हाचं आहे?"
रविवारचं, म्हणायला हवं होतं. तोंडातून खरं तेच गेलं. "काढलंच नाही अजून."
तिने मान उचलली. "अगं मग महाग पडते ना!"
एवढंच बोलली. त्यांनी ट्रॉली ढकलली, दार मिटलं. मी तिथेच उभं राहून हसायला लागले आणि मग मंदारने मला धरून बसवलं.

९.४० ला नेलं. पाच तास म्हणालेत.
मेल नाही.
मंदार कॉफी आणायला गेलाय. ११.१५. आतून अजून कोणी आलेलं नाही.